पायगाडी आणि फटफटी

छत्रपती संभाजीनगर शहराहून बीडकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर सुमारे ५० किलोमीटर गेले म्हणजे पाचोड हे गाव लागते. पैठण तालुक्यातील हे गाव मोसंबीच्या बाजारासाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. पैठणहून अंबडकडे जाणारा रस्ता येथेच महामार्गाला छेदतो. या चौफुलीवर सकाळी घटकाभर उभे राहिल्यास नाना तऱ्हेची वाहने दृष्टीस पडतात. परंतु त्या सर्वांत भरणा असतो तो मोटारसायकलींचा. दुधाच्या किटल्या, खताची पोती, पेरणीचे बियाणे, दवाखान्यात निघालेले आजोबा, माहेरी चाललेली लेक आणि तिच्या मांडीवरचे मूल, या सर्वांचा भार मोटारसायकल निमूटपणे वाहते. जुनी माणसे तिला अजूनही फटफटी म्हणतात. सायकल मात्र, जिला एके काळी पायगाडी असे साजरे नाव होते, ती आता बहुधा शाळेच्या फाटकापाशीच आढळते.

घरात मोटारसायकल आली, की सायकलीचे दिवस फिरतात. प्रथम ती गोठ्याच्या भिंतीला टेकते, मग तिच्या चाकांतील हवा जाते, साखळीवर गंज चढतो, आणि एके दिवशी ती भंगारवाल्याच्या तराजूत जाऊन बसते. सायकल ही गरिबीची खूण आणि मोटारसायकल ही भरभराटीची, असा समज याच्या मुळाशी असतो. ज्याला रोज वीस किलोमीटरवरच्या कामावर वेळेत पोचायचे आहे, त्याने मोटारसायकल वापरली तर त्यात काहीच गैर नाही. ती त्याची गरज आहे. परंतु गरजेचा हिशेब वेगळा आणि छंदाचा वेगळा. सुटीच्या दिवशी, कोठेही वेळेवर पोचायचे नसताना, केवळ आनंदासाठी जो रस्त्यावर निघतो, त्याला सायकल ही मोटारसायकलीच्या खालची पायरी आहे असे मुळीच वाटत नाही. त्याला ही दोन निरनिराळी सुखे वाटतात, आणि एका सुखासाठी दुसरे का सोडावे, हे त्याला उमगत नाही.

या दोन वाहनांचे नाते तसे सख्ख्या बहिणींचे आहे. १८१७ साली जर्मनीतील कार्ल ड्राइस याने लाकडाची एक दुचाकी तयार केली. तिला पायडल नव्हते. स्वाराने जमिनीवर पाय मारीत पुढे जावयाचे होते. पायडल आले ते १८६०नंतरच्या दशकात, फ्रान्समध्ये. पुढे १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केंप स्टार्ली याने दोन सारखी चाके, मध्ये पायडल आणि मागच्या चाकाला साखळी, अशी 'रोव्हर' नावाची सायकल बनविली. आजची साधी सायकल तिच्याहून फारशी वेगळी नाही. नवल असे, की त्याच १८८५ साली जर्मनीत गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी लाकडी दुचाकीवर पेट्रोलचे इंजिन बसवून जगातील पहिली म्हणावी अशी मोटारसायकल चालविली. तीन वर्षांनी डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवा भरलेली रबरी धाव केली. आज पाचोडच्या रस्त्यावर धावणारी प्रत्येक दुचाकी, मग ती पायांनी चालो वा पेट्रोलने, त्या धावेची ऋणी आहे. प्रारंभीच्या कित्येक मोटारसायकली म्हणजे मजबूत सायकलीच्या सांगाड्यात बसविलेले इंजिनच होते. ट्रायम्फ आणि एनफील्ड या इंग्लंडमधील कारखान्यांनी आधी सायकली बनविल्या, मग मोटारसायकली.

या नात्याचा मराठी मुलखातील पुरावा पाहावयाचा असेल तर शेजारच्या जिल्ह्याकडे वळावे. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथील कायनेटिक इंजिनिअरिंग या कारखान्याने १९७२ साली 'लूना' नावाची दुचाकी बाजारात आणली. इंजिन ५० सीसीचे, अंग हलके, आणि विशेष म्हणजे तिला सायकलीसारखे पायडल होते. पायडल मारून ती सुरू करावयाची, आणि वाटेत पेट्रोल संपले तर पायडल मारीतच घर गाठावयाचे. ज्यांना स्कूटर परवडत नव्हती आणि सायकल पुरत नव्हती, अशा असंख्य कुटुंबांना तिने आधार दिला. सायकल कोठे संपते आणि मोटारसायकल कोठे सुरू होते, हे लूनाकडे पाहून कोणालाच सांगता आले नसते. पुढे ती बंद पडली. २०२४ साली तेच नाव विजेवर चालणाऱ्या दुचाकीने पुन्हा धारण केले. इकडे १९८५ साली, म्हणजे डाइमलरच्या त्या लाकडी गाडीनंतर बरोबर शंभर वर्षांनी, संभाजीनगरजवळ वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. तेथे तयार झालेल्या मोटारसायकली परदेशांतही जातात.

आता या दोन छंदांत नेमके सुख कोणते, ते पाहू.

संभाजीनगरकडून गोदावरीकडे येताना जमीन एकंदरीत उतरत जाते. मोटारसायकलीवरून रोज ये-जा करणाऱ्यास ही गोष्ट वर्षानुवर्षे कळत नाही, कारण त्याच्या वाटचा चढ इंजिन चढते. सायकलस्वाराला मात्र ती पहिल्याच दिवशी कळते. जाताना पाय आपोआप फिरतात, आणि परत येताना प्रत्येक किलोमीटर मांड्यांत मोजला जातो. वाऱ्याचेही तसेच. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून वाहतो. म्हणून पाचोडहून पैठणला सायकलीने निघालेल्या माणसाच्या छातीवर तो हात ठेवून उभा राहतो, आणि परतीच्या वाटेवर तोच पाठीवर हात ठेवतो. भूगोलाच्या पुस्तकातील नैऋत्य मोसमी वारे म्हणजे काय, हे अशा एका सहलीत जितके नीट समजते तितके नकाशावरील बाणांनी क्वचितच समजत असेल. माघाच्या सकाळी आंबे बहराच्या मोसंबीच्या बागा फुललेल्या असतात. तासाला पंधरा किलोमीटर वेगाने जाणाऱ्याच्या सोबत तो सुगंध बराच वेळ चालतो. मोटारसायकलीवर तो येतो आणि गेला हे कळेपर्यंत बाग मागे पडलेली असते.

परंतु मोटारसायकलीचे सुख याहून कमी आहे असे नाही. ते निराळे आहे. धडधाकट माणूस सायकलीवर दीर्घकाळ जी शक्ती लावू शकतो, ती साधारणपणे १०० वॉटच्या आसपास असते. साध्या १०० सीसीच्या मोटारसायकलीचे इंजिन ८ अश्वशक्तीच्या जवळपास, म्हणजे सुमारे साठपट शक्ती देते. ही साठ माणसे मुठीच्या एका हलक्या पिळासरशी कामाला लागतात. त्यांना ओळखणे, त्यांचा आवाज ऐकणे, हा या छंदाचा गाभा होय. चांगला मोटारसायकलस्वार कानांनी गाडी चालवितो. चढावर इंजिनाचा सूर जड झाला, की त्याचा पाय न सांगता खालच्या गिअरकडे वळतो. प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग पाहावा, साखळीचा ताण बोटाने दाबून अजमावावा, क्लचची तार किती ढिली ठेवावी ते ठरवावे, यांत ज्याची सकाळ जाते त्याला वेळ फुकट गेला असे वाटत नाही. शिवाय पल्ला वाढतो. सायकलीवर पैठणचे नाथसागर गाठून परत येण्यात दिवस जातो. मोटारसायकलीवर तेवढ्याच दिवसात वेरूळची लेणी पाहून दिवेलागणीला घरी येता येते.

दोन्ही छंद असलेल्यास आणखी एक लाभ होतो. एक वाहन त्याला दुसरे शिकविते. चढावर सायकलीचा गिअर हलका केला की पाय अधिक वेळा फिरतात पण जोर कमी लागतो. ही गोष्ट एकदा पायांना कळली म्हणजे मोटारसायकलीच्या गिअरपेटीत काय घडते, ते निराळे समजावून द्यावे लागत नाही. वळण्याची युक्तीही दोहोंची एकच आहे, आणि ती मोठी गमतीची आहे. धावत्या दुचाकीला उजवीकडे वळवावयाचे असेल तर हँडल प्रथम क्षणभर किंचित डावीकडे जावे लागते. त्यामुळे चाके डावीकडे सरकतात, स्वाराचा तोल उजवीकडे झुकतो, आणि मग गाडी उजवीकडे वळते. सायकल चालविणारे प्रत्येक मूल हे न कळत करते. विचारले तर मात्र नाही म्हणते. विमानाचा शोध लावणारे राइट बंधू मुळात सायकलींचे दुकानदार होते. त्यांपैकी विल्बर याने अनेक स्वारांना हा प्रश्न विचारून पाहिला, तेव्हा त्यालाही नीट उत्तर मिळाले नाही. जड मोटारसायकलीवर ही क्रिया हातांना स्पष्ट जाणवते. उजवी मूठ हलकेच पुढे ढकलली की गाडी उजवीकडे झुकते. धावती दुचाकी उभी कशी राहते, याचाही पुरता उलगडा अजून झालेला नाही. फिरत्या चाकाच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळे ती पडत नाही, असे पूर्वी बहुतेक ठिकाणी सांगितले जाई. परंतु २०११ साली हॉलंड व अमेरिका येथील संशोधकांनी तो गुण निष्प्रभ करून बनविलेली एक सायकल स्वाराशिवाय ढकलून दाखविली, आणि ती तरीही तोल सावरीत गेली.

ब्रेकविषयीही एक समज दुरुस्त करण्यासारखा आहे. पुढचा ब्रेक दाबला तर माणूस उलटा पडतो, असे ऐकून कित्येक जण तो कधीच वापरीत नाहीत. वास्तविक गाडी थांबू लागली की भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबविण्याचे मोठे काम तेच चाक करते. कोरड्या सडकेवर दोन्ही ब्रेक एकदम आणि पुढचा बेताबेताने दाबणे हाच खरा मार्ग होय. मुरमाच्या किंवा ओल्या वाटेवर मात्र पुढच्या ब्रेकला जपून हात लावावा.

येथेच या छंदाची गंभीर बाजू पुढे येते. संकट दिसल्यापासून ब्रेक दाबीपर्यंत माणसाला साधारण एक सेकंद लागतो. तासाला १५ किलोमीटर वेगाच्या सायकलीवर तेवढ्या वेळात चार मीटर अंतर कापले जाते. ६० किलोमीटर वेगाच्या मोटारसायकलीवर जवळजवळ सतरा मीटर. वेग चौपट झाला की धडकेतील शक्ती चौपट नव्हे, सोळापट होते. बैलगाडी आडवी आल्यास सायकलस्वार बहुधा गुडघा खरचटून घरी येतो. मोटारसायकलस्वाराला ती सवलत नसते. म्हणूनच कायद्याने गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना वयाच्या १८ वर्षांपूर्वी मिळत नाही, आणि शिरस्त्राण आवश्यक मानले आहे. २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिल्यास पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरीही सातवी-आठवीतील मुलगा वडिलांची गाडी पळवीत असल्याचे दृश्य गावोगावी दिसते, आणि घरातील वडीलधारी माणसे त्याचे कौतुक करतात. त्या कौतुकाची किंमत काही घरांनी फार मोठी मोजली आहे.

मग अठरा वर्षांचे होईपर्यंत करावे काय? सायकलीवर करण्यासारखे इतके आहे, की तेवढी वर्षे अपुरी पडावीत. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगाच्या प्रवासास निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ७१ हजार किलोमीटरांचा प्रवास पुरा करून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईस परतले. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू व्यवसायाने वैद्य. परंतु २०१५ साली त्यांनी दोघांच्या चमूने अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सायकल शर्यत, सुमारे ४,८०० किलोमीटर, पूर्ण केली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने २०१८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, सायकलीवर पृथ्वीप्रदक्षिणा केली. यांच्यापैकी कोणाला मोटारसायकल मिळाली नसती म्हणून कोणी सायकल धरली होती, असे म्हणता येईल काय? मानव विकास कार्यक्रमात राज्यातील मागास तालुक्यांतील मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. त्या गरज म्हणून मिळतात हे खरे. पण शाळा सुटल्यावर दोघी-तिघी मैत्रिणी शर्यत लावतात तेव्हा त्या गरजेचा छंद कधी झाला, ते त्यांनाही कळत नाही.

छंद म्हटला की त्याची गैरसोयही सोसावी लागते, आणि ती दोन्ही वाहनांना सारखीच लागू आहे. पैठण तालुक्याच्या या भागात काळी चिकणमाती आहे. आषाढात शेतवाटेने निघालेल्या दुचाकीच्या चाकाला ती अशी चिकटते, की मडगार्डात चिखलाचा लाडू बसून चाक फिरेनासे होते. सायकलस्वार अशा वेळी गाडी खांद्यावर घेतो आणि बांधावरून चालू लागतो. मोटारसायकलवाल्यास ते शक्य नसते. तो बाभळीची काडी मोडून चाकाशी उकिडवा बसतो आणि माती कोरू लागतो. सायकलवालाही मग पुढे जात नाही. गाडी बांधावर आडवी ठेवून तो दुसरी काडी शोधतो, कारण पुढच्या रविवारी तोही फटफटीवर असणार असतो.