रात्रभर भिजत घातलेलं फुटेज

जबलपूरहून शहपुरा-दिंडोरीच्या रस्त्याला लागलं की साधारण ४५ किलोमीटरवर कुंडम येतं. तहसिलीचं गाव. आजूबाजूला गोंडांची वस्ती, मोहाची झाडं, आणि जवळच हिरण नदीचा उगम. इथून निघालेली हिरण पुढे उजव्या काठानं नर्मदेला मिळते. जबलपुरात माझी मावशी राहते. १८६१ पासून १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होती. नोकरीनिमित्त तिकडे गेलेली कितीतरी मराठी घरं तिथलीच झाली. मावशीचं सासर त्यांपैकीच. गेल्या हिवाळ्यात तिच्याकडे मुक्काम टाकून मी कुंडमच्या परिसरात कोदोवर एक छोटा माहितीपट चित्रित केला. कोदो म्हणजे आपल्याकडची हरीक.

त्यातलं एक दृश्य मला फार मोलाचं होतं. अंगणात एक आजीबाई सुपात कोदो पाखडत होत्या. सकाळचं तिरकं ऊन त्यांच्या मागून येत होतं. सूप वर जायचं, दाणे हवेत उडायचे, जड दाणे परत सुपात पडायचे आणि कोंडा पुढे निघून जायचा. दाणे हवेत असतानाच दृश्य तोडायचं आणि पुढे हिरणेचं पाणी दाखवायचं, असं मी तिथेच ठरवलं होतं. वीतभर उंच उडालेला दाणा परत खाली यायला अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ लागतो. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर माझ्या हातात फार तर १० फ्रेम. त्यांतली एक निवडायची.

रात्री मावशीच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. सूप वर गेलं, चित्र अडकलं, आणि पुढच्या क्षणी सूप खाली. दाणे हवेत असलेलं चित्र दिसेचना. मागे ओढून पुन्हा पाहिलं. पुन्हा तेच. पंखा घरघरायला लागला, लॅपटॉपचं बूड तापलं. तीच फाइल मोबाइलवर मात्र लोण्यासारखी चालत होती. लॅपटॉप जुना झाला, नवा घे, असा सल्ला घरातून लगेच मिळाला. पण दुखणं लॅपटॉपचं नव्हतं, फाइलच्या घडणीत होतं.

आधी आकडे बघू. ४के चित्र म्हणजे ३८४० गुणिले २१६०, साधारण ८३ लाख बिंदू. प्रत्येक बिंदूचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे जसेच्या तसे लिहिले तर एका फ्रेमला अडीच कोटी बाइट लागतात, सेकंदाला ६२ कोटी, आणि मिनिटाला ३७ जीबी. एवढं कुठल्याही साध्या कार्डावर मावणार नाही. माझा कॅमेरा सेकंदाला लिहितो १०० मेगाबिट, म्हणजे सव्वा कोटी बाइट. पन्नासातले एकोणपन्नास भाग तो टाकून देतो, आणि तरी चित्र डोळ्याला पूर्ण वाटतं.

ही किमया साधते ती तीन वाटांनी. पहिली वाट आपल्या डोळ्याच्या स्वभावाची. उजेडातला बारीक फरक आपल्याला पटकन कळतो, रंगातला तितका कळत नाही, म्हणून रंगाची माहिती चार बिंदूंत मिळून एकदाच लिहिली तरी चालते. दुसरी वाट गणिताची, आणि तिच्यामागे आपल्याकडची माणसं आहेत याचा मला नेहमी आनंद होतो. बंगळुरूत जन्मलेले नसीर अहमद अमेरिकेत कॅन्सस इथे शिकवत होते. चित्राचा छोटा चौकोन मंद आणि बारीक लहरींच्या बेरजेत मांडायचा, आणि ज्या बारीक लहरी डोळ्याला फारशा जाणवत नाहीत त्या ढोबळ लिहायच्या, याची नेमकी रीत त्यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये प्रसिद्ध केली. त्याआधी या कामासाठी त्यांनी मागितलेलं अनुदान नाकारलं गेलं होतं. आज मोबाइलमधला जवळजवळ प्रत्येक फोटो आणि व्हिडिओ याच रीतीच्या कुठल्या ना कुठल्या रूपावर उभा आहे.

माझी सगळी अडचण तिसऱ्या वाटेवर होती. वाण्याचा रोजमेळ आठवा. महिन्याच्या पहिल्या पानावर आरंभीची शिल्लक पूर्ण लिहिलेली असते. पुढे रोजची फक्त जमा आणि खर्च. वही आटोपशीर राहते. पण तेरा तारखेला गल्ल्यात किती होते, असं कुणी विचारलं तर एक तारखेपासून बेरीज करत यावं लागतं. २००३ मध्ये आलेलं एच.२६४ आणि २०१३ मध्ये आलेलं एच.२६५ या दोन्ही पद्धती अशाच लिहितात. अर्ध्या-एक सेकंदाला एकदा एक फ्रेम पूर्ण लिहायची, मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं आणि काय कुठे सरकलं तेवढंच नोंदवायचं. अंगण स्थिर, भिंत स्थिर, मग ते पुन्हा पुन्हा कशाला लिहायचं? काही नोंदी तर याहून चमत्कारिक. त्या मागच्या फ्रेमवर जशा अवलंबून असतात तशाच पुढच्या फ्रेमवरही. तेरा तारखेचा हिशोब लागायला पंधराचं पान आधी उघडावं लागतं.

मोबाइल वही पहिल्या पानापासून सरळ वाचत जातो, शिवाय त्याच्या चिपमध्ये या वाचनाचा वेगळा मंडलभाग असतो. म्हणून त्याला काही जड जात नाही. एडिटरचं काम वेगळं. तो मधलंच पान उघडतो, दोन फ्रेम मागे जातो, एक पुढे येतो, पुन्हा तीन मागे. उलटं जाताना तर हाल विचारू नका. चोविसावी फ्रेम दाखवायला पहिलीपासून बेरीज, मग तेविसावी दाखवायला जवळजवळ तेवढीच बेरीज पुन्हा. त्यात माझं दृश्य कोंड्याचं. शेकडो कण शेकडो दिशांना उडणारे, मागच्या फ्रेमवरून पुढची ओळखावी अशी सोयच नाही. अशा ठिकाणी नोंदी भरमसाट वाढतात आणि प्रोसेसरचा दम निघतो.

चित्र अडखळलं तर काय बिघडलं, थोडा वेळ जास्त लागेल, असं बरेच जण म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. दृश्य कुठे तोडायचं हे एडिटर डोळ्यांनी आणि कानांनी ठरवतो, ते तालाचं काम आहे. लय चुकवणाऱ्या तबल्याबरोबर गवयाला सम सापडेल का? अडखळणाऱ्या चित्रावर घेतलेला निर्णय चुकीच्या तालावर घेतलेला असतो, आणि तो चुकलाय हे त्या वेळी कळतही नाही.

यावरचा उपाय आपल्या स्वयंपाकघरात रोज चालतो. सुकी मटकी डब्यात थोडक्यात मावते, वर्षभर टिकते, प्रवासाला सोपी. पण तशीच फोडणीला टाकत नाहीत, आदल्या रात्री भिजत घालतात. कॅमेऱ्यातली फाइल ही सुकी मटकी. ती भिजवायची म्हणजे अशा पद्धतीत बदलून घ्यायची की प्रत्येक फ्रेम स्वतंत्र आणि पूर्ण लिहिलेली असेल, रोजमेळात रोजच्या रोज शिल्लक मांडावी तशी. अ‍ॅव्हिडचं डीएनएक्सएचडी २००४ चं, अ‍ॅपलचं प्रोरेस २००७ चं, ती याच जातीची. नसीर अहमदांच्या गणितानं तीही चित्र दाबतात, पण एका फ्रेमचं ओझं दुसरीवर टाकत नाहीत. बेरीज उरत नाही, हवं ते पान उघडलं की उत्तर समोर.

अर्थात भिजवलेलं फुगतं. माझं तीन तासांचं चित्रण कॅमेऱ्यात १३५ जीबी होतं. प्रोरेस ४२२ मध्ये ४के आकारातच बदललं असतं तर तासाला २२१, म्हणजे ६६० च्या पुढे. शिवाय सेकंदाला ६ कोटी बाइट वाचून द्यायचे. फिरती तबकडी असलेली साधी बाहेरची डिस्क एवढं जेमतेम पेलते, आणि दोन दृश्यं एकावर एक ठेवली की तीही हात टेकते. प्रोसेसरची अडचण उचलून डिस्कच्या गळ्यात बांधल्यासारखं होतं. हे न कळल्यामुळे अनेक जण सगळं बदलून घेतात आणि तरी अडतंच म्हणून कपाळाला हात लावतात.

म्हणून मी प्रॉक्सी केल्या. प्रॉक्सी म्हणजे मूळ दृश्याची हलकी प्रत. लांबी तीच, फ्रेम त्याच, आवाज तोच, फक्त चित्र लहान. १९२० गुणिले १०८० ला बिंदू चौपट कमी होतात. प्रोरेसचा प्रॉक्सी प्रकार या आकाराला तासाला सुमारे १७ जीबी घेतो. माझ्या तीन तासांना ५१ जीबी पुरले, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ फाइलींपेक्षाही कमी. सगळं काम या प्रतींवर करायचं, आणि शेवटी एक बटण दाबलं की सॉफ्टवेअर प्रत्येक प्रतीच्या जागी तिची मूळ फाइल आणून बसवतं. दाविंची रिझॉल्व्ह, प्रीमियर, फायनल कट या सगळ्यांत ही सोय आहे.

ही कल्पना नवी मुळीच नाही. कोल्हापुरात १९२९ मध्ये सुरू झालेली प्रभात १९३३ मध्ये पुण्यात आली, आणि तिच्याच जागेत १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिथे शिकलेल्या जुन्या संकलकांना विचारा. कॅमेऱ्यातून निघालेल्या निगेटिव्हला ते बोट लावत नसत. तिच्यावरून एक कामचलाऊ रश प्रिंट काढायची, तिच्यावर पेन्सिलीच्या खुणा करायच्या, कापायची, चिकटवायची, चुकलं तर उकलायची. तिला ओरखडे पडले तरी फिकीर नाही. फिल्मच्या कडेला छापलेले आकडे निगेटिव्हवर आणि प्रिंटवर सारखेच असत. चित्रपट मनासारखा बसला की त्या आकड्यांवरून निगेटिव्ह कापणारा कारागीर हातात सुती मोजे घालून मूळ फिल्म एकदाच कापायचा. एकदाच, कारण चुकीला तिथे क्षमा नव्हती. १९८९ मध्ये अ‍ॅव्हिड आलं तेव्हा डिस्क इतक्या महाग होत्या की संकलन करताना पडद्यावर दिसणारं चित्र पुसटच असे. अशाच यंत्रावर वॉल्टर मर्च यांनी ‘द इंग्लिश पेशंट’ संकलित केला, आणि संगणकावर संकलित झालेल्या चित्रपटाला संकलनाचं ऑस्कर पहिल्यांदा मिळालं ते त्याला.

कडेच्या आकड्यांची जागा आज फाइलीचं नाव आणि टाइमकोड यांनी घेतली आहे, आणि नवखे चुकतात ते इथेच. माझंच झालं. दोन कार्डांवर एकाच नावाची फाइल होती, आणि मी प्रॉक्सी एकाच फोल्डरमध्ये ओतल्या. बाजारातल्या दृश्यावर भलत्याच दृश्याची प्रत येऊन बसली. तेव्हापासून प्रत्येक कार्डाला वेगळं फोल्डर, मूळ फाइलीचं नाव जसंच्या तसं, आणि बदलाबदलीला हात घालण्याआधी मूळ चित्रण दोन डिस्कवर उतरवलेलं.

दुसरा घोळ मोबाइलच्या चित्रणाचा. माझ्या भाच्यानं संध्याकाळी करमा नाच मोबाइलवर टिपला होता. सुरुवातीला मांदर वाजवणाऱ्याचा हात आणि आवाज बरोबर जुळत होता, चार मिनिटांनी हात आधी पडू लागला आणि थाप मागून ऐकू येऊ लागली. उजेड कमी झाला की अनेक मोबाइल सेकंदाला घेतलेल्या फ्रेम आपणहून कमी करतात, पुन्हा वाढवतात. आवाज मात्र एकसारख्या गतीनं नोंदला जातो. एडिटिंगचं सॉफ्टवेअर फ्रेमची गती एकसारखी धरून चालतं आणि दोघांची फारकत होते. अशी फाइल टाइमलाइनवर ठेवण्याआधीच ठरावीक २५ फ्रेमच्या गतीत बदलून घ्यावी लागते. एफएफएमपेग किंवा हँडब्रेक ही दोन्ही मोफत साधनं ते काम चोख करतात.

एक गैरसमज फार पसरलेला आहे. प्रोरेसमध्ये बदललं की चित्र सुधारतं, रंग खुलतात, असं लग्नाचं चित्रण करणारे कितीतरी मित्र मला ठामपणे सांगतात. कॅमेऱ्यानं प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या लिहिल्या असतील तर मोठ्या फाइलीतही त्या २५६ च राहतात. भिजवून मटकी फुगते, तिचे मूग होत नाहीत. पण अशा मोठ्या पद्धतीत बदलताना नुकसानही डोळ्याला दिसण्याइतकं होत नाही, ही तिची खरी किंमत. नुकसान होतं ते एच.२६४ मधून पुन्हा एच.२६४, त्यातून पुन्हा तसंच काढत गेलं की. झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तसं चित्र प्रत्येक वेळी चौकटी-चौकटींत फुटत जातं, आणि पहिला घाव पाण्याच्या लाटांवर आणि झाडाच्या पानांवर पडतो.

त्या रात्री साडेदहाला मी प्रॉक्सी बनवायला फाइलींची रांग लावली, चार्जर जोडला, हवा लागावी म्हणून लॅपटॉपखाली दोन पुस्तकं सरकवली आणि झोपलो. स्वयंपाकघरात मावशीनंही मटकी भिजत घातली होती. सकाळी सहाला उठलो तेव्हा सगळ्या प्रती तयार होत्या. सूप वर गेलं. एकेक फ्रेम पुढे सरकवत गेलो. दाणे सुपाच्या काठावर, दाणे वीतभर वर, आणि सहाव्या फ्रेमला ते जणू थांबलेले, वर जाणंही नाही आणि पडणंही नाही. तिथे तोडलं. दिवसभरात बाकीचं बसवलं. मागे-पुढे कितीही ओढलं तरी चित्र बोटाबरोबर चालत होतं.

दोन दिवसांनी प्रॉक्सी बंद करून मूळ फाइली परत बसवल्या आणि तीच सहावी फ्रेम उघडली. लहान प्रतीत कोंडा नुसता पिवळसर धुरासारखा दिसत होता. आता त्यातली प्रत्येक साल वेगळी दिसत होती, उन्हानं कडा उजळलेली, आणि तिच्या मागे आजीबाईंच्या भुवईवर बसलेली बारीक धूळ.