वाघाच्या शेजारी दोन दिवसांचा मुक्काम

चंद्रपूरला राहून ताडोबा पाहिला नाही असं सांगितलं, की बाहेरगावचे पाहुणे कसे बघतात ते चंद्रपूरकरणींना वेगळं सांगायला नको. लग्न होऊन मी या गावात आले त्याला चौदा वर्षं झाली. या चौदा वर्षांत नागपूरचा वॉटर पार्क दोनदा झाला, शेगाव झालं, तिरुपती झालं. पण घरापासून तीसेक किलोमीटरवरचा ताडोबा मात्र ‘कधीही जाता येईल’ म्हणून राहून गेला.

या नाताळच्या सुट्टीत मुलांनी हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीचा हट्ट धरला होता. मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. पाच माणसं, रेल्वेचं जाणं-येणं, तीन रात्रींचं हॉटेल, आतली तिकिटं, बाहेरचं जेवण. बेरीज बघून ह्यांनी चष्मा काढून पुसला, आणि ह्यांचा चष्मा पुसणं म्हणजे नकार हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. मीच म्हटलं, “मोहर्लीला दोन दिवस राहू या. जंगलही होईल आणि मलाही दोन दिवस पोळ्या लाटाव्या लागणार नाहीत.” खरं सांगायचं तर दुसरं कारणच माझ्या मनात पहिलं होतं!

सिमेंटचे बांबू

दुर्गापूरच्या वीजकेंद्राचे धुरांडे आणि पद्मापूरची कोळशाची खाण मागे पडली, की रस्ता बदलतो. दोन्ही बाजूंना साग, ऐन, तेंदू आणि मधूनमधून बांबूची बेटं. मोहर्ली हे ताडोबाच्या दारातलं गाव. तिथे पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे, वनखात्याच्या सोयी आहेत आणि खासगी रिसॉर्टही पुष्कळ आहेत. काहींचं एका रात्रीचं भाडं माझ्या महिन्याच्या पगाराएवढं! आम्ही मधल्या भाड्याचं, कुटुंबांसाठीचं एक रिसॉर्ट निवडलं होतं.

फाटकावर प्लास्टरचा वाघ. खोल्यांना नंबर नाहीत, ‘सांबर’, ‘अस्वल’, ‘रानगवा’ अशी नावं. आमची खोली ‘अस्वल’ निघाल्यामुळे मुलं दोन दिवस बाबांकडे बघून हसत होती. भिंतींना बांबूचा आकार देऊन हिरवा रंग मारलेला. सासूबाईंनी हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, “अगं, हे तर सिमेंट आहे. बांबूच्या मुलखात सिमेंटचा बांबू!” पण खोली स्वच्छ होती, गरम पाणी होतं, अंगणात झोपाळा होता आणि स्वयंपाक दुसऱ्या कुणीतरी केलेला होता. माझी तक्रार नव्हती.

तक्रार झाली ती संध्याकाळी. सहा वाजता चहा मागितला तर कुणी येईना. शेवटी ऑफिसात गेले. मॅनेजर ओशाळून म्हणाले, “मॅडम, बायका पाचलाच घरी जातात. अंधाराच्या आत गावात पोचायचं असतं.” मी मनात म्हटलं, पैसे घेता तर एखादी बाई उशिरापर्यंत ठेवायला काय होतं? त्यांनी स्वतः चहा करून दिला, आणि तो बेताचाच झाला होता.

वाघ दिसला नाही

दुसऱ्या दिवशी पहाटे उघड्या जिप्सीत बसलो. सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून त्या रिसॉर्टवरच थांबल्या. मोबाइल आत नेता येत नाहीत, त्यामुळे आमच्या लेकीने चार तास मान वर करून जग पाहिलं, हा पहिला फायदा.

आमच्या गाडीबरोबर गाइड म्हणून जवळच्याच गावातली एक तरुण मुलगी होती. तिने किती गोष्टी सांगितल्या! ताडोबा हे राज्यातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान, 1955 सालचं. शेजारचं अंधारी अभयारण्य 1986 चं, आणि दोन्ही मिळून पुढे व्याघ्रप्रकल्प झाला. ताडोबा हे नाव तारू या गावप्रमुखावरून आलं. वाघाशी झुंजताना तो मेला असं लोक सांगतात, आणि तलावाकाठी त्याचं ठाणं आहे. रस्त्याकडेचे उंच दगडी खांब गोंड राजांच्या काळातले मानतात. तलावात मगरी, काठावर चितळ, पुढे सांबर, एका वळणावर रानगव्यांचा कळप, काळाभोर, पायात पांढरे मोजे घातल्यासारखा.

वाघ मात्र दिसला नाही. ओल्या मातीत पंजाचा ठसा तेवढा होता, माझ्या तळहाताहून मोठा. धाकटा रडवेला झाला. ह्यांनाही पैसे वाया गेल्यासारखं वाटत होतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

व्हरांड्यातल्या गप्पा

परत आलो तर सासूबाई व्हरांड्यात, आणि त्यांच्या पायाशी खोल्या झाडणारी मावशी बसलेली. सासूबाईंचं माहेर मूल तालुक्यातलं. त्यामुळे “कोन्त्या गावची गं तू?” इथून सुरू झालेल्या गप्पा पार घरच्या झाल्या होत्या. धाकट्याने येताच “वाघ नाही दिसला” म्हणून सूर काढला. मावशी हसली. म्हणाली, “तुमी लोक वाघ दिसावा म्हून पैसे भरता बाबू, आमी वाघ दिसू नये म्हून देवाले हात जोडतो.”

ती गेल्यावर सासूबाईंनी बाकीचं सांगितलं. चैत्रात मोहफुलं पडतात. ती पहाटेच वेचायला जावं लागतं, नाहीतर गुरं आणि रानातली जनावरं खाऊन टाकतात. मोहफुलं वाळवून विकली की घरात चार पैसे येतात. त्या हंगामात काही वर्षांपूर्वी या मावशीची जाऊ वेचायला गेली ती परत आलीच नाही. तिची दोन मुलं आता मावशीच वाढवते. रिसॉर्टवर काम लागल्यापासून ती स्वतः मोहाला जात नाही, सरपणालाही नाही. पावसाळ्यात जंगलाची मुख्य फाटकं बंद झाली की इथलं काम कमी होतं, मग धानाच्या रोवणीला जाते.

आदल्या दिवशीचा माझा चहा मला आठवला. पाच वाजता त्या बायका का जातात हे मॅनेजरांनी सांगितलं होतं, पण मी ऐकलं नव्हतं.

वर्गात मी मुलांना ‘वाघ वाचवा’ यावर निबंध लिहायला देते. पण 2025 च्या मे महिन्यात आपल्याच जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात, तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ती बातमी मी सकाळच्या चहाबरोबर वाचून घडी घालून ठेवली होती. वाकून वेचणारं माणूस वाघाला जनावरासारखं वाटू शकतं, असं जाणकार सांगतात. आणि वाकून वेचण्याचं काम बहुतेक बायकांच्याच वाट्याला. मोह, तेंदू, सरपण, सगळी पोटाची आणि चुलीची कामं. म्हणूनच जन-वन विकास योजनेतून या गावांना गॅस दिला गेला, तेव्हा वाघासाठी जेवढं झालं त्याहून जास्त बायकांसाठी झालं असं मला वाटतं. सिलिंडर पुन्हा भरायला पैसे नसले, की पाय पुन्हा जंगलाकडे वळतात, हेही मावशीनेच सासूबाईंना सांगितलं.

निघताना मी तिच्या हातात बक्षिसी ठेवली. तिने घेतली आणि म्हणाली, “पुन्हा या. तुमी आले त आमचं काम रायते.” मैत्रिणींनो, या वाक्यासाठी मी हा लेख लिहिते आहे. आपण सहलीला खर्च करतोच. तो कुणाच्या घरी पोचतो, एवढं बघायला वेगळे पैसे पडत नाहीत.

तुम्ही जाणार असाल तर

* आधी सफारीचं आरक्षण करा, मग खोली ठरवा. आरक्षण ऑनलाइन होतं. ज्या ओळखपत्रावर केलं तेच सोबत ठेवा. मुख्य जंगल मंगळवारी आणि पावसाळ्यात बंद असतं.

* मधल्या भाड्याच्या जागी राहिलात तर खोलीपेक्षा जिप्सीचाच खर्च जास्त वाटतो. जिप्सीत सहाजण बसतात. घरात तिघंच असाल तर शेजारच्या कुटुंबाला बरोबर घ्या, खर्च निम्मा होतो. शनिवार-रविवार टाळलात तर तेवढेच पैसे वाचतात.

* हिवाळ्यात पहाटे उघड्या गाडीत हाडं गोठतात. शाल, कानटोपी, मुलांना पायमोजे हवेतच. उन्हाळ्यात वाघ दिसण्याची शक्यता जास्त, पण उन्हापासून जपायला हवं. धुळीसाठी ओढणी किंवा मोठा रुमाल घ्या. कपडे मळखाऊ रंगाचे. लाल, पिवळं नको.

* पाणी स्टीलच्या बाटलीत न्या. प्लास्टिकची पिशवी जंगलात नेऊ नका.

* गाडीत हादरे बसतात. गुडघे-कंबर दुखणाऱ्यांना आणि गरोदर बायकांना आग्रह करू नका.

* खोली ठरवताना एक प्रश्न अवश्य विचारा: इथे कामाला गावातल्या बायका आहेत का? आणि जेवणात नूडल्सऐवजी वरण-भात, भाकरी, अंबाडीची भाजी मागा. आम्ही मागितली, तर मावशीनेच केली. सासूबाईंनी दोनदा वाढून घेतली.

* संध्याकाळच्या चहाचं सामान आणि एक थर्मास घरूनच न्या. पाचनंतर मावशीला थांबवून घेऊ नका.

घरी आल्यावर धाकट्याने शाळेत काय सांगितलं असेल? वाघ दिसला नाही हे सांगितलंच, पण पुढे म्हणाला, “आमच्या मावशीलापण दिसला नाही, बरं झालं.”