गरोदरपणातली धास्ती : 'माहेरघरा'तली सोबत का महत्त्वाची?

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, अक्कलकुवा तालुक्यांतील अनेक पाड्यांवर पावसाळ्यात गाडी पोहोचत नाही. गरोदर महिलेला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागते. रात्री कळा सुरू झाल्या तर काय, या धास्तीने शेवटच्या महिन्यात झोप उडते.

हे नुसते 'मनाचे खेळ' नव्हेत. जागतिक आरोग्य संघटनेनुसार विकसनशील देशांत १५.६ टक्के गर्भवतींना मानसिक आजार जडतो; त्यात नैराश्य प्रमुख.

नंदुरबारसह आदिवासी जिल्ह्यांतल्या 'माहेरघर' योजनेत बाळंतपणाच्या काही दिवस आधीपासून प्राथमिक आरोग्य केंद्रात राहता येते. सोबत नातेवाईक आणि लहान मूलही राहू शकते. ही सोय खाटेइतकीच मोलाची. चिमुकले घरी सोडून आलेली आई निर्धास्त कशी राहणार? ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या बाईजवळ मात्र ना माहेर, ना ओळखीची आशाताई.

सतत रडू येणे, झोप न लागणे, धडधड दोन आठवडे टिकली तर आशाताईंना किंवा डॉक्टरांना सांगा. धडधड रक्तक्षयानेही होते, त्यामुळे रक्त तपासून घ्या. 'टेली-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक २४ तास सुरू असतो. मराठीतही बोलता येते.