गरम पाण्याचा नळ मंद कां वाहतो?

एकत्र कुटुंबांत सकाळचे दोन तास न्हाणीघराचे असतात. आठदहा माणसांचीं स्नानें, मुलांची शाळा, नोकरी करणाऱ्या स्त्रीपुरुषांची कचेरी आणि वडीलधाऱ्यांची पूजाअर्चा, हें सारें एका नळावर अवलंबून असतें. अशा वेळीं थंड पाण्याची धार भरदार यावी आणि गरम पाण्याची मात्र सुतासारखी बारीक यावी, म्हणजे साऱ्या घराचा क्रम बिघडतो. मग कोणी म्हणतो गीझर बदला, कोणी म्हणतो भिंत फोडून नवी नळी टाका. आमचें म्हणणें एवढेंच कीं, पैसा खर्च करण्यापूर्वीं दोषाचें स्थान निश्चित करावें. हें काम थोड्या मिनिटांचें असून त्यास कारागिराची गरज नाहीं.

साधनें दोन: एक बादली व एक घड्याळ. एकाच तोटीखालीं प्रथम निव्वळ थंड व मग निव्वळ गरम पाणी सोडून बादली भरण्यास लागणारा वेळ लिहून ठेवावा. त्याच गीझरचें पाणी दुसऱ्या नळास येत असेल तर तेथेंही हाच प्रयोग करावा. यावरून चार प्रकार स्पष्ट होतात.

एकाच नळाचें थंड व गरम दोन्ही पाणी मंद असेल, तर तोटीच्या तोंडाशीं असलेली बारीक जाळी तुंबली असें समजावें. ती फिरवून काढावी, लिंबाच्या रसांत किंवा व्हिनेगरमध्यें रात्रभर भिजत घालावी आणि जुन्या दांतघांशण्याच्या ब्रशानें स्वच्छ करावी.

एकाच नळाचें फक्त गरम पाणी मंद असेल, तर दोष त्या नळाच्या गरम बाजूस आहे. भिंतीपाशीं असलेला अँगल कॉक अर्धवट बंद तर नाहीं, जोडणीची लवचिक नळी मुडपली तर नाहीं, हें पाहावें. मिक्सर असल्यास त्याच्या कार्ट्रिजमध्यें क्षार किंवा गंजाचा कण अडकलेला असतो. जुन्या पद्धतीच्या नळाची एक खूण ध्यानांत ठेवण्याजोगी आहे: नळ सोडतांच धार चांगली येते व पाणी गरम होऊं लागतांच ती आटत जाते. आंतील रबरी वॉशर उष्णतेनें फुगून वाट अडवतो, त्याचें हें लक्षण होय. वॉशर बदलला कीं काम झालें. त्यास खर्चही अल्प येतो.

गीझरच्या साऱ्याच नळांचें गरम पाणी मंद व थंड मात्र ठीक असेल, तर गीझरकडे वळावें. गीझरमध्यें जेवढें थंड पाणी शिरतें तेवढेंच गरम पाणी बाहेर लोटलें जातें. म्हणून अडथळा पुष्कळदां शिरण्याच्या वाटेवरच सांपडतो. तेथील कॉक पूर्ण उघडा आहे कीं नाहीं हें प्रथम पाहावें. त्या वाटेवरील सुरक्षा-झडपेंत रेती अडकल्यासही प्रवाह मंदावतो.

चौथा प्रकार सर्वत्र दोन्ही पाणी मंद असण्याचा. तेथें दोष गच्चीवरील टाकींतून येणाऱ्या मुख्य वाटेंत किंवा टाकीच्या उंचींत असतो. पाण्याच्या १० मीटर उंचीनें दर चौरस सेंटिमीटरवर सुमारें १ किलो दाब मिळतो. टाकी डोक्यापासून दोनतीन मीटरच वर असेल, तर वरच्या मजल्यास त्याच्या पाव हिश्शाइतकाच दाब लाभणार, हें उघड आहे.

आतां गरम पाण्याचीच वाट अधिक कां तुंबते? दख्खनच्या पठारावरील विहिरींच्या व बोअरच्या पाण्यांत चुन्याचे क्षार पुष्कळ ठिकाणीं विरघळलेले असतात. पाणी तापतांच त्यांतील कांहीं भाग अविद्राव्य होऊन बसतो; चहाच्या भांड्याच्या तळाशीं धरणारा पांढरा थर तो हाच. गीझरच्या कांडीवर व नळीच्या आंत तो वर्षानुवर्षें साचतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या जुन्या लोखंडी नळींत त्यास गंजाची जोड मिळते. नळीचा व्यास निम्मा झाला कीं प्रवाह निम्मा न होतां सुमारें सहाव्या हिश्शावर येतो. म्हणून थोड्याशा थरानेंही मोठा फरक पडतो. अशी नळी बदलणें हाच अखेरचा उपाय. परंतु वरील परीक्षा झाल्यावांचून भिंत फोडूं नये.

सौर बंब असलेल्या घरांत आणखी दोन कारणें संभवतात. नळी मध्येंच वर चढून पुन्हां उतरत असेल तर त्या उंचवट्यांत हवा अडकून पाणी खोळंबतें. तसेंच केवळ थंड पाण्यास पंप लावला असेल, तर मिक्सरमध्यें जोरदार थंड पाणी मंद गरम पाण्यास मागें रेटतें. दोन्ही पाण्यांचा दाब सारखा ठेवणें हाच त्यावर इलाज. गॅस गीझरची गोष्ट निराळी; त्यांतून पाणी सावकाश वाहिलें तरच तें तापतें, तेव्हां त्याची बेताची धार हा दोष नव्हे. तो मात्र बंद न्हाणीघरांत कधींही बसवूं नये. त्याच्या ज्वलनांतून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड वायु गंधहीन व प्राणघातक आहे.

घरच्या घरीं हात घालतांना कांहीं नियम अवश्य पाळावे. गीझरची वीज मुख्य बटणापासून बंद करावी, पाणी निवूं द्यावें आणि येणारें पाणी रोखूनच कांहीं सोडवावें. सुरक्षा-झडप थेंब गाळते म्हणून तिचें तोंड बुचानें बंद करणें, हें घरांत स्फोटास आमंत्रण देण्यासारखें आहे. विजेच्या अंगास हात लावणें जाणत्या कारागिरावरच सोपवावें.

शेवटची सूचना गृहिणींस. दुरुस्तीनंतर गरम धार एकाएकीं जोरदार होते आणि रोजच्या सवयीनें सोडलेलें पाणी अधिक कढत येतें. ६० अंशांचें पाणी कांहीं सेकंदांतच कातडी भाजतें. आणि मुलांची व वृद्धांची त्वचा तर अधिक कोमल. म्हणून त्या दिवशीं प्रथम बादली भरून हातानें पाहावी, मगच आजोबांस व नातवंडांस स्नानास बोलवावें.