थंडीत जमणारी साखरेची काच

जानेवारी उजाडला, की जुन्नर-नारायणगावची द्राक्षे पुणे-नाशिक महामार्गाने चाकण, मोशीमार्गे पिंपरी-चिंचवडमध्ये येऊ लागतात. २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली महाबळेश्वरची स्ट्रॉबेरीही याच सुमारास हातगाड्यांवर दिसू लागते. या फळांवर साखरेचे पारदर्शक, कुरकुरीत कवच चढवून केलेला घासाएवढा गोड पदार्थ अलीकडे मुलांच्या विशेष आवडीचा झाला आहे. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात आंबट रानफळे काडीला ओवून अशीच पाकात बुडवितात. त्याला ‘तांगहुलू’ म्हणतात. घरी मात्र हा बेत पुष्कळदा फसतो. पाक चिकट तरी राहतो किंवा दाणेदार तरी होतो. असे का होते?

उत्तर संक्रांतीच्या हलव्यात सापडते. तिळावर पातळ पाक थोडाथोडा शिंपडत, मंद आचेवर हलवत राहिले, की साखरेचे स्फटिक जमून काटा फुटतो. येथे स्फटिक हवेच असतात. फळांच्या कवचात मात्र ते अजिबात नकोत. पाकातील जवळजवळ सर्व पाणी उडवून तो झटकन थंड केला, तर साखरेला स्फटिक होण्यास अवधीच मिळत नाही. तिची काच होते. दोन्ही प्रकारांचा शत्रू एकच, हवेतील दमटपणा. म्हणून दोन्ही कोरड्या थंडीत साधतात. पावसाळ्यात हीच काच पाहता पाहता पाझरू लागते.

साहित्य : एक वाटी साखर, अर्धी वाटी पाणी, लिंबाच्या रसाचे चार-पाच थेंब, वीस-पंचवीस टपोरी द्राक्षे किंवा स्ट्रॉबेरी, लाकडी टूथपिक, ताटाला लावण्यासाठी तूप.

कृती : फळे धुऊन, पुसून अर्धा तास पंख्याखाली ठेवावीत. सालीवर पाण्याचा थेंबही राहिला, तर पाक धरत नाही. फळे चिरू नयेत. स्ट्रॉबेरीचा देठ ठेवावा. प्रत्येक फळाला टूथपिक टोचून ठेवावी.

जाड बुडाच्या पातेल्यात साखर व पाणी मध्यम आचेवर ठेवावे. साखर विरघळून उकळी आली, की लिंबाचा रस घालावा आणि नंतर चमचा घालू नये. ढवळल्याने स्फटिक धरतात. लिंबाच्या आम्लाने साखरेचा काही भाग ग्लुकोज व फ्रुक्टोजमध्ये बदलतो आणि स्फटिक बनण्यास अडथळा येतो. एकतारी, गोळीबंद या पायऱ्या ओलांडून पाक सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावा. तापमापक नसेल, तर चिक्कीच्या पाकाची परीक्षा करावी : थंड पाण्यात टाकलेला थेंब कट्‌कन मोडला आणि दाताला चिकटला नाही, म्हणजे पाक झाला. रंग फिकट सोनेरी होताच गॅस बंद करावा. आणखी तापल्यास तो करपून कडवट होतो.

आता पातेले किंचित कलते करून फळ पाकात फिरवावे, जादा पाक निथळू द्यावा आणि तूप लावलेल्या ताटात ठेवावे. मिनिटभरात कवच कडक होते. पातेल्याला चिकटलेला पाक खरवडत बसू नये. पाणी घालून उकळले, की तो सुटतो.

हा पदार्थ टिकाऊ नाही. फळाचा रस आतून आणि हवेतील ओल बाहेरून कवच विरघळविते. फ्रीजमध्येही तो पाझरतो. तेव्हा तास-दोन तासांत संपेल एवढाच करावा. औद्योगिक पट्ट्यातील अनेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. घरातील सारे एकत्र असतील, तो दिवस यासाठी उत्तम.

दोन गोष्टींत मात्र हयगय नको. हा पाक उकळत्या पाण्याहून कितीतरी गरम असतो आणि त्वचेला चिकटून राहतो. म्हणून पाक होईपर्यंत आणि फळे बुडविताना मुलांना ओट्यापासून दूर ठेवावे. चटका बसलाच, तर तो भाग वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा. हळद वा टूथपेस्ट लावू नये. भाजणे मोठे असेल, तर डॉक्टरांकडे न्यावे. दुसरे, पाच वर्षांखालील मुलांच्या घशात अख्खे द्राक्ष अडकू शकते. त्यावर कडक कवच असेल, तर धोका अधिकच. बोरन्हाणाच्या वयाच्या बाळांना हा खाऊ देऊच नये. त्यांच्यासाठी द्राक्षे उभी चिरून, साखरेवाचूनच द्यावीत.