उघाडीच्या आतले गाव

कोकण म्हटले की नारळी-पोफळीच्या बागा, तांबड्या मातीच्या वाटा आणि परसातून वाहणारा पाट आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. कवींनी आणि पाहुण्यांनी रूढ केलेले हे चित्र खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. ज्याला दुसरे कोकण पाहायचे असेल त्याने पेणहून अलिबागला जाताना पोयनाडला उतरावे आणि धरमतरच्या खाडीची दिशा धरून चालू लागावे. थोड्याच वेळात डोंगर मागे पडतो, झाडे विरळ होतात आणि नजर पोहोचेल तेथवर सपाट, काळपट भातजमीन पसरलेली दिसते. हा खारेपाट. पेण, अलिबाग, उरण आणि पनवेल या तालुक्यांच्या खाडीकाठाला हे नाव लोकांनी दिले आहे. शेतकऱ्यांच्या संपामुळे महाराष्ट्राच्या इतिहासात गेलेले चरी हे गाव याच पट्ट्यातले.

या प्रदेशाची पहिली ओळख मला झाली ती उधाणाच्या दिवशी. पौर्णिमेच्या भरतीला मी एका बाहेरच्या बांधावर उभा होतो. डाव्या हाताला खाडीचे पाणी फुगत होते, उजव्या हाताला भात उभे होते. आणि पाहता पाहता ध्यानात आले की पाण्याची पातळी शेताच्या वर आहे! मध्ये काय ते सात-आठ हात रुंदीचे मातीचे वरंबे. घाटावरचा शेतकरी पाऊस पडेल का म्हणून वर पाहतो. खारेपाटातला शेतकरी बांध टिकेल का म्हणून खाली पाहतो. दोघांच्या चिंतेत एवढे अंतर आहे.

ही जमीन देवाने दिलेली नाही. अंबा नदी आणि तिच्या सोबतिणी सह्याद्रीचा गाळ आणून खाडीच्या मुखाशी टाकतात. भरतीला तो बुडतो, ओहोटीला उघडा पडतो आणि त्यावर कांदळ माजते. अशा खाजणाभोवती माणसांनी ओहोटीच्या वेळा साधून बांध घातले. खाडीतलाच चिवट चिखल कापायचा, तो हातोहात पुढे द्यायचा, थरावर थर रचायचा. शेवटचे खिंडार बुजवायचे ते भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरतीचा जोर सर्वांत कमी असताना. एका भरतीत ते बुजले नाही, तर महिन्याची मेहनत पाण्यात.

बांध पुरा झाला म्हणून लगेच भात पिकत नाही. मातीतले मीठ पावसाने धुऊन निघावे लागते आणि त्याला काही पावसाळे जातात. म्हणून बांधात उघाडी ठेवतात. उघाडी म्हणजे बांधाच्या पोटातली पाण्याची वाट आणि तिच्या तोंडाशी खाडीच्या बाजूला उघडणारे दार. भरतीचे पाणी बाहेरून दाबते तेव्हा ते दार आपोआप मिटते. ओहोटीला आतले पावसाचे पाणी त्याला ढकलून बाहेर पडते. दिवसातून दोनदा, कोणी हात न लावता, हे दार उघडते आणि मिटते. मग आधी ‘राता’सारखे, मीठ सोसणारे लाल भात घ्यायचे. बी मोड आणून फेकायचे. त्याला ‘रहू’ म्हणतात. विहिरीला गोडे पाणी लागेलच असे नाही, म्हणून पावसाचे पाणी साठवायला तळी खणायची. त्याच तळ्यांत पुढे जिताडा वाढला आणि खारेपाटातल्या पाहुणचाराला अलौकिक चव आली!

अठराव्या शतकात आंग्र्यांच्या आणि पेशव्यांच्या अमदानीत अशा बांधबंदिस्तीला मोठी चालना मिळाली. ज्याच्यापाशी पैसा आणि वजन होते त्याने सरकाराकडून खाजण घ्यावे, बाहेरचा बांध घालावा आणि कुळे वसवावी, असा हा व्यवहार. त्यातून ‘शिलोत्री’ नावाची वहिवाट निघाली. शिलोत्रदाराने बाहेरचा बांध राखायचा आणि त्याबद्दल कुळाने बिघ्यामागे एक मण भात त्याला द्यायचे. कागदावर हा करार न्याय्य दिसतो, कारण बांध राखणे हे खरोखरच खर्चाचे काम आहे. पण बांधावर प्रत्यक्ष चिखल कोण टाकीत होते? कुळेच! बांधाच्या नावाने धान्य वर जाई आणि चिखलाची पाटी खालच्याच डोक्यावर राही. खोतांची आणि सावकारांची सत्ता बळावली तशी पिकाची अर्धेल आली, वेठ आली, आणि ज्याच्या पणज्याने समुद्र मागे हटवला तो आपल्याच शेतात उपरा ठरला.

27 ऑक्टोबर 1933. दिवाळी नुकतीच उलटली होती. त्या दिवशी चरी येथे शेतकऱ्यांची सभा भरली आणि नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी ठरवले की खोताच्या अटींवर जमीन कसायची नाही. सुमारे पंचवीस गावांनी हा निश्चय उचलला आणि तो 1939 पर्यंत, सहा वर्षे, निभावला. शेतकऱ्याने आपणहून नांगर खाली ठेवायचा, ही कल्पनाच तेव्हा अघटित होती. गिरणीतला यंत्रमाग बंद पडला तर तो गंजत नाही तोवर पुन्हा चालू करता येतो. डोंगरउतारावरचे वरकस पडीक राहिले तर त्यावर गवत उगवते. खाराची गोष्ट निराळी. तिथे माणूस संपावर गेला तरी भरती संपावर जात नाही. आपल्या हाताने राखलेल्या जमिनीकडे पाठ फिरवून लाकूडफाटा विकत, मासे धरीत दिवस काढणाऱ्या त्या घरांनी काय पणाला लावले होते, ते बांधावर उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

1934 च्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला शेतकरी परिषदेसाठी आले. 17 सप्टेंबर 1937 रोजी त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. 1938 च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. पुढे महसूलमंत्री मोरारजी देसाई यांना चरीला यावे लागले आणि 1939 च्या कूळकायद्याने कुळाच्या हक्काला प्रथमच कायद्याचा आधार मिळाला. त्यानंतर 1948 चा कूळकायदा आला, 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन आला, आणि कसणाऱ्याचे नाव जमिनीवर चढले. येथे आपली पाठ्यपुस्तके पूर्णविराम देतात.

खारेपाटाला मात्र तेथे पूर्णविराम देता येत नाही. कारण जमीन कुळाची झाली, पण बांध कोणाचा झाला? शिलोत्रदार गेला ते बरेच झाले. मात्र त्याच्याबरोबर बांधाची जबाबदारी नावानिशी सांगणारा माणूसही गेला. 1948 मध्ये खारभूमीचा कायदा झाला, 1979 मध्ये नवा कायदा झाला आणि बाहेरच्या बांधांचे काम सरकारी खात्याकडे गेले. पूर्वी खेकड्याने बांधाला बीळ पाडले तर ते ज्याला दिसेल तो चिखलाचा गोळा कोंबून पुढे जाई. आता बीळ दिसले की अर्ज लिहावा लागतो. अर्जाला उत्तर येते, नाही असे नाही. पण मध्ये अमावस्या येते. बिळाची खांड होते. मग प्रत्येक भरती आत शिरताना आणि बाहेर पडताना खांड रुंद नि खोल करते. आज पाच पाट्यांनी बुजणारी जागा महिन्याने पाच ट्रकांनीही बुजत नाही.

एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी विचारले, “बाबा, ही जमीन तुमच्या नावावर केव्हा झाली?” तो म्हणाला, “कूलकायद्यात झाली. कागुद हाय घरान. पन सर, समिंदराला कागुद वाचता येत नाय.”

कागदाचा पेच पुढे आणखी वाढतो. खारे पाणी शेतात राहिले की थोड्याच वर्षांत तिथे कांदळ उगवते. कांदळवन किनाऱ्याचे रक्षण करते, मासळीची पिल्ले वाढवते. ते तोडू नये, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये बजावले, आणि ते योग्यच आहे. पण ज्याचे शेत दुसऱ्याच्या हयगयीने बुडाले, त्याने काय करावे? सातबाऱ्यावर भात, जागेवर जंगल! ते त्याला पिकवता येत नाही आणि सोडवतही नाही. अशा वेळी कारखान्यासाठी जमीन मागायला कोणी आले की ‘नाहीतरी पडीकच आहे’ हे वाक्य त्याच्या तोंडावर फेकले जाते. तरीही 21 सप्टेंबर 2008 रोजी विशेष आर्थिक क्षेत्रासाठी पेण तालुक्यातल्या बावीस गावांचा कौल सरकारने घेतला, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी जमीन न देण्याच्या बाजूने उदंड मते टाकली. चरीचा वारसा अगदीच वाया गेला नाही म्हणायचा.

गावाचा इतिहास आपण राजांच्या सनदांत आणि न्यायालयांच्या निकालांत शोधतो. खारेपाटातल्या गावाचा इतिहास एका साध्या प्रश्नात सामावतो: या वर्षी बांधावर माती कोणी टाकली? कुळांनी टाकली आणि भाताची रास खोताने नेली, म्हणून चरीचा संप झाला. आज रास कुळाची आहे आणि मातीची पाटी कोणाच्याच डोक्यावर नाही. सरकारने पैसा आणि यंत्रे द्यावी, आणि बांधाची रोजची राखण त्या त्या गावाच्या हाती हक्काने सोपवावी, असे मला वाटते. ते शहाणपण अजून बांधाकाठच्या म्हाताऱ्यांपाशी आहे. 27 ऑक्टोबरला चरीचे स्मरण आपण अवश्य करावे. पण सहा वर्षे उपाशी राहून मिळवलेली ही जमीन राखायची असेल, तर पुढल्या पावसाळ्याआधी खांडी बुजल्या पाहिजेत.