गोसुंबेला घरी आणू नका

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पेडण्याला माझ्या मावसबहिणीकडे गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा आठवीतला मुलगा बुटांचे खोके घेऊन पडवीत आला. झाकणाला भोके पाडलेली. "आई, गोसुंबे! काल संध्याकाळी काजूच्या बागेत सापडला. बेळगावला नेऊ या ना, मी सांभाळीन."

हा शब्द त्याला अज्जीकडून मिळालेला. माझे सासर कन्नड. कन्नडमध्ये कुंपणावरचा नेहमीचा सरडा तो ओतिक्यात, आणि संथ चालणारा, रंग बदलणारा तो गोसुंबे. आपण मराठीत बहुतेक वेळा दोघांनाही सरडाच म्हणतो. 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही म्हण खरे तर ओतिक्यातची. गोसुंबे धावत नाही. झुलत झुलत एकेक पाऊल टाकतो.

झाकण उघडले. शेपटीसकट फूटभर लांबीचा तो जीव कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. हिरवा असायचा तो काळपट पडलेला. शेजारी वाटीत पाणी आणि टोमॅटोची फोड. दोन्हीला त्याने तोंड लावलेले नव्हते.

मुलाने प्रेमाने ठेवले होते, पण या प्राण्याची रीतच वेगळी. तो सहसा वाटीतले पाणी पीत नाही, पानांवरचे थेंब चाटतो. खातो ते जिवंत किडे. दोन डोळे दोन दिशांना फिरवून तो भक्ष्य हेरतो आणि अंगाएवढी लांब जीभ फेकून टिपतो. त्याला एकटे राहणे आवडते. उन्हातले अतिनील किरण मिळाले नाहीत, तर त्याची हाडे मऊ पडून वाकतात. परदेशांत येमेन आणि मादागास्करकडच्या जातींचे सरडे लोक पाळतात. त्यासाठी जाळीचे उंच पिंजरे, खास दिवे, पाण्याचे फवारे आणि कॅल्शियम लावलेले किडे एवढा सरंजाम लागतो. तरीही थोडी हयगय झाली की प्राणी दगावतो.

रंगाबद्दलही आपला एक गैरसमज आहे. ज्यावर बसेल त्याचा रंग तो घेतो असे आपण समजतो. प्रत्यक्षात ऊन, थंडी, भीती, राग आणि जोडीदाराची ओढ यांवर त्याचा रंग अवलंबून असतो. त्याच्या त्वचेतील अतिसूक्ष्म स्फटिकांमधले अंतर कमी-जास्त होते आणि रंग पालटतो, हे जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांनी 2015 मध्ये मादागास्करच्या एका जातीवर दाखवून दिले. म्हणजे खोक्यातला तो काळपट रंग ही एक प्रकारची तक्रारच होती.

शिवाय कायदा आहे. भारतीय गोसुंबेला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्याला पकडणे, घरात ठेवणे, विकणे हा गुन्हा असून कैद आणि दंड होऊ शकतो. गोव्यातून चोर्ला घाटाने कर्नाटकात आणला, म्हणून गुन्हा पुसला जात नाही. परदेशी जातींनाही आता नोंदणीचे नियम लागू आहेत.

मुलाला हे सांगितले, तेव्हा तो रडवेला झाला. मग आम्ही दोघे बागेत गेलो. हात न लावता खोक्यात एक काटकी धरली. बराच वेळ गेला, मग त्याने चिमट्यासारख्या पायांनी ती पकडली. जिथे सापडला होता त्याच झुडपावर काटकी टेकवली. मुलाने पानांवर थोडे पाणी शिंपडले. गोसुंबेने थेंब चाटले आणि अर्ध्या तासात तो इतका हिरवा झाला, की डोळ्यांसमोर असून दिसेना.

पेडणे, डिचोलीकडे किंवा आपल्या परसात असा पाहुणा दिसला, तर एवढेच करावे. तो विषारी नाही. दगड मारू नये, मारू देऊ नये. कुंपणाची झुडपे राखावीत, कीटकनाशक जपून वापरावे. मादी अंडी घालायला जमिनीवर उतरते, तेव्हा रस्त्यात दिसली तर गाडी थांबवावी. जखमी असेल तर वनखात्याला कळवावे.

परतताना मुलगा घाटभर गप्प होता. घरी पोहोचल्यावर मात्र धावत जाऊन म्हणाला, "अज्जी, गोसुंबेला मी पाणी पाजले!"

त्याची पाळण्याची हौस तेवढ्यावर फिटली असे मी म्हणणार नाही. पण पुढच्या सुट्टीत तो खोके नेणार नाही, वही नेणार आहे.